पांढुर्णा-सौंसरचा दुकानदार आणि दूरचा बाजार

मोबाइलवरून मागवलेले जे पुडके पांढुर्ण्यास येते, त्यावर नावगावाच्या खाली ४८०३३४ हा आकडा असतो. सौंसरच्या पुडक्यावर ४८०१०६ असतो. ऑनलाइन विक्रीचा सारा डोलारा या सहा अंकांवर उभा आहे. गिऱ्हाइकाने हा आकडा मोबाइलवर टाकला की माल त्याच्या गावी पोचेल की नाही, आणि पोचला तर कोणत्या दिवशी, हे विकणाऱ्याला क्षणार्धात कळते. ही पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यातील अधिकारी होते; परंतु मराठी माणसाने त्यांना ओळखावे ते संस्कृत कवी आणि नाटककार म्हणून. एकाच नावाची अनेक गावे आणि नाना लिप्यांत, नाना हस्ताक्षरांत लिहिलेले पत्ते यांनी टपालखाते मेटाकुटीस आले होते. जाम नदीच्या एका तीरावर पांढुर्णा आणि दुसऱ्या तीरावर सावरगाव, हे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या गोटमारीमुळे सर्वांना ठाऊक आहे. पण सावरगाव नावाची गावे महाराष्ट्रात किती आहेत याची मोजदाद करू लागले म्हणजे वेलणकरांच्या योजनेचे महत्त्व ध्यानात येते.

या आकड्यातला पहिला अंक, चार, मोठा बोलका आहे. टपालखात्याने देशाचे जे विभाग पाडले, त्यांत मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र एकाच चौथ्या विभागात पडले. म्हणजे १९५६ साली राज्यपुनर्रचनेने जी रेघ ओढली, ती टपालाच्या या पहिल्या अंकाने मानली नाही. पांढुर्णा आणि सौंसर यांच्या बाजारपेठेची कथा सांगायची तर या रेघेपासूनच आरंभ करावा लागतो.

हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातला. ते राज्य खालसा झाल्यावर १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला आणि छिंदवाडा हा त्यातला एक जिल्हा झाला. कचेरी छिंदवाड्यास, परंतु व्यवहार नागपूरशी, अशी या दोन तहसिलींची रीत पहिल्यापासूनची. सातपुड्याच्या पठारावर छिंदवाडा आणि पायथ्याच्या काळ्या जमिनीत पांढुर्णा-सौंसर. पाणी जसे उताराने वाहते तसा येथला कापूस, येथले संत्रे आणि येथली मराठी भाषा ही सारी दक्षिणेकडे, नागपूर-वऱ्हाडाकडे वाहत राहिली. १९१३ साली नागपूर-छिंदवाडा हा अरुंद लोहमार्ग सौंसरवरून गेला. शतकाहून अधिक काळ त्या लहानशा गाडीने माणसे व माल यांची ने-आण केली. २०१५ च्या अखेरीस ती थांबली आणि तिच्या जागी रुंद मार्ग आला. पांढुर्णा तर इटारसी-नागपूर या हमरस्त्याच्या लोहमार्गावरचेच स्थानक.

या लोहमार्गांनी दुकानाचे रूप पालटले. पूर्वी दुकानात असे ते बहुतांशी पंचक्रोशीतले. आगगाडीबरोबर आगपेट्या आल्या, घासलेट आले, गिरणीचे कापड आले, पुढे चहाची पुडी आली. यांपैकी एकही वस्तू गावात होत नव्हती. खरे पाहता आज ज्याला ‘परंपरागत दुकान’ असे आदराने म्हटले जाते, ते अशा रीतीने दूरच्या कारखान्याचे शेवटचे टोकच होते. दूरची विक्री एका बाजूला आणि गावचे दुकान दुसऱ्या बाजूला, अशी सरळ विभागणी करून जे वाद घालतात, त्यांनी एवढी गोष्ट लक्षात घेतली पाहिजे.

दुकानदाराला वगळून घरपोच माल पाठवण्याची युक्तीसुद्धा मोबाइलबरोबर आलेली नाही. ती हिंदुस्थानात १८७७ साली आली. त्या वर्षी पहिल्या जानेवारीस नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि त्याच वर्षी टपालखात्याने ‘व्हॅल्यू पेएबल’ची पद्धत चालू केली. जुन्या पिढीला हिचे नाव सांगावे लागत नाही, ‘व्ही.पी.’ या दोन अक्षरांनी तिने मराठी घरांत ठाण मांडले होते. विकणाऱ्याने पुडके टपालात टाकायचे, पोस्टाने ते गिऱ्हाइकाच्या हाती देताना किंमत वसूल करायची आणि ती विकणाऱ्याकडे धाडायची. पैसे भरून ‘व्ही.पी. सोडवून घेणे’ हा वाक्प्रचारच मराठीत रूढ झाला. पंचांगे, पुस्तके, घड्याळे, औषधे, भाजीपाल्याचे बी अशा कितीतरी वस्तूंच्या जाहिराती मराठी वृत्तपत्रांत आणि मासिकांत झळकत, आणि त्यांच्या खाली ‘व्ही.पी.ने मागवा’ असे असे. १९२० साली निघालेले ‘किर्लोस्कर खबर’ हे आरंभी एका कारखान्याने आपल्या गिऱ्हाइकांशी बोलण्यासाठीच काढलेले पत्र होते. त्याचे पुढे वाङ्मयीन मासिक झाले ही निराळी गोष्ट.

पुढे २०१० साली बंगळुरूच्या एका कंपनीने, म्हणजे फ्लिपकार्टने, ‘माल हाती पडल्यावर पैसे’ ही सोय चालू केली तेव्हा ती मोठी नवलाई म्हणून गाजली. ही कंपनी २००७ साली पुस्तके विकण्यापासून सुरू झाली होती. अमेरिकेची अ‍ॅमेझॉन २०१३ साली या देशात उतरली. परंतु हातात माल आणि हातात पैसा ही सोय म्हणजे दुसरे काय? पोस्टमनची व्ही.पी.च ती, फक्त खाकी गणवेश जाऊन मोटारसायकल आली. व्ही.पी.चे दुखणेही जसेच्या तसे उतरले आहे. पुडके आले आणि गिऱ्हाईक म्हणाले, ‘नको’, तर ते परत जाई आणि खर्च पाठवणाऱ्याच्या बोकांडी बसे. आजच्या कंपन्यांनाही परत येणाऱ्या मालाची डोकेदुखी सुटलेली नाही.

अमेरिकेतही हाच खेळ होऊन गेला आहे. शिकागोच्या मॉन्टगोमेरी वॉर्डने १८७२ साली वस्तूंच्या किमतींची एक साधी यादी छापून ती शेतकऱ्यांकडे धाडली. पुढे सीअर्स कंपनीचा जाडजूड सूचिग्रंथ खेडोपाडी पोचला. गावोगावच्या दुकानदारांनी त्याविरुद्ध ओरड केली आणि सरकारी पार्सल-टपालास कसून विरोध केला. तरी १ जानेवारी १९१३ पासून ते सुरू झालेच. गावची दुकाने काही त्यामुळे संपली नाहीत. उलट १९९३ साली सीअर्सने आपला तो सूचिग्रंथ बंद केला, आणि काळाची थट्टा अशी की लगेच पुढच्याच वर्षी अ‍ॅमेझॉनची स्थापना झाली!

मग व्ही.पी.ने पांढुर्ण्याच्या किंवा सौंसरच्या दुकानदाराचे काही बिघडवले का नाही? माल तर कित्येकदा बाहेरचाच सरस असे. याचे उत्तर दुकानात मांडलेल्या मालात सापडायचे नाही. ते दुकानदाराच्या गादीपाशी असलेल्या तांबड्या वहीत आहे. व्ही.पी.ला सारे पैसे एकदम लागत. शेतकऱ्याच्या हाती मात्र पैसा वर्षातून एकदा-दोनदा येतो. कापूस दिवाळीच्या सुमारास घरात येऊ लागतो. संत्र्याचा आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि त्याची फळे पावसाळा सरल्यावर उतरतात. मृग बहार पावसाच्या तोंडी फुलतो आणि फळे पुढच्या वर्षाच्या आरंभी हाती लागतात. मधल्या सगळ्या महिन्यांत घरात मीठमिरची लागते, मुलांच्या वह्या लागतात, श्रावण सरता सरता पोळ्याला बैलांची झूल, घुंगरमाळा, नवी वेसण आणि कासरा लागतो. हे सारे खात्यावर मांडून देणारा जो माणूस, त्याचे नाव दुकानदार. तो विकतो ती वस्तू, आणि वस्तूबरोबर देतो तो अवधी. पोस्टाजवळ वस्तू होती, अवधी नव्हता.

अर्थात या अवधीची किंमत गिऱ्हाइकाकडून वसूल होई, आणि ती नेहमी न्याय्य असे असे मुळीच नाही. उधारीच्या गिऱ्हाइकाला भाव वेगळा, रोखीच्या गिऱ्हाइकाला वेगळा, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. दुकानदार आणि सावकार हे पुष्कळ ठिकाणी एकच असत. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांच्या घरादुकानांवर तुटून पडले, तेव्हा त्यांचा पहिला रोख खतांवर, रोख्यांवर आणि हिशेबाच्या कागदांवर होता. ते त्यांनी काढून जाळले. कापसाच्या तेजीत दिलेले कर्ज तेजी ओसरल्यावर अंगावर आले होते. सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. मध्य प्रांतात ही पाळी मंदीच्या दिवसांत आली: १९३३ साली कर्ज-तडजोडीचा कायदा आणि १९३४ साली सावकारीचा कायदा झाला. तेव्हा तांबड्या वहीविषयी गहिवरून बोलण्याआधी हा इतिहास आठवावा. परंतु तो आठवल्यावरही एक गोष्ट उरते. गिऱ्हाईक समोर होते, दुकानदार समोर होता, आणि गारपिटीने बाग झोडपली की त्या वर्षीचे येणे पुढच्या हंगामावर ढकलण्याखेरीज दुकानदारास गत्यंतर नव्हते. त्याने ते दयेने केले की नाइलाजाने, हा प्रश्न दुय्यम आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांत या दुकानदाराची जी परीक्षा झाली, तिच्याकडे इतिहासकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. तोवर नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्या दिवशी नागपूर व विदर्भ मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला आणि राजधानी भोपाळला हलली. पांढुर्णा-सौंसरची माणसे आपापल्या घरीच होती. त्यांचे नागपूर मात्र रातोरात परराज्य झाले. पाठोपाठ १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. आणा गेला, नया पैसा आला. सोळा आण्यांचे शंभर पैसे करताना एका आण्याचे सव्वासहा पैसे होतात. आणि पाव पैसा कोणाच्या गल्ल्यात असतो? पुढे ऑक्टोबर १९५८ पासून शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम येऊ लागले. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. शेराच्या भावाने साखर नेणाऱ्या बाईला किलोचा भाव महाग वाटणार, हे उघडच आहे. सरकारने भित्तिपत्रके लावली, कोष्टके छापली. पण ते गणित गावाला प्रत्यक्ष शिकवले दुकानदाराच्या तागडीने. शाळामास्तरांचे हे काम पुष्कळसे दुकानाच्या ओट्यावर पार पडले असे म्हटल्यास मास्तरांनी रागावू नये.

राज्य पालटले, नाणे पालटले, वजन पालटले. एक पाटी तेवढी पालटावी लागली नाही. मराठी व हिंदी या दोघींची लिपी एकच असल्याने ‘किराणा भंडार’ हे भोपाळच्या अधिकाऱ्यालाही वाचता आले आणि सावनेरच्या पाहुण्यालाही.

परंतु रेघ कागदावर राहिली नाही, ती करात उतरली. विक्रीकराचा या प्रदेशाशी जुना संबंध आहे. मोटारीच्या तेलावर विक्रीकर बसवण्याचा पहिला प्रयोग १९३८ साली मध्य प्रांत-वऱ्हाडातच झाला, आणि सर्वसाधारण विक्रीकराचा कायदा तेथे १९४७ साली आला. १९५६ नंतर सीमेच्या दोन बाजूंना दोन राज्यांचे दोन विक्रीकर आणि सीमा ओलांडणाऱ्या मालावर तिसरा केंद्रीय विक्रीकर, असा प्रकार झाला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा ‘एक देश, एक कर’ अशी घोषणा झाली. सौंसरहून नागपूर सुमारे सत्तर किलोमीटर. आता तरी मधली रेघ पुसली जाईल अशी आशा कोणी बाळगली असेल तर त्यात नवल नव्हते.

येथे थोडे थांबून कायदा नीट समजून घेणे जरूर आहे, कारण आजच्या वादाचे मर्म येथेच आहे. वस्तूंच्या लहान विक्रेत्याला वर्षाची उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असेल तर मध्य प्रदेशात या कराची नोंदणी लागत नाही. त्याहून थोडा मोठा दुकानदार ‘कंपोझिशन’ योजनेत राहून उलाढालीच्या एक टक्का कर भरतो आणि हिशेबाच्या जंजाळातून सुटतो. ही सवलत एका अटीवर आहे: माल राज्याबाहेर विकता कामा नये. सावनेरचे गिऱ्हाईक स्वतः सौंसरच्या दुकानात आले, माल घेतला आणि पिशवीत घालून निघून गेले, तर साधारणपणे ती राज्यातलीच विक्री समजली जाते. परंतु तोच साबण, तेच कापड दुकानदाराने मोबाइलवर मागणी घेऊन सावनेरला धाडले की ती आंतरराज्य विक्री होते. आणि करपात्र मालाची अशी विक्री करायची तर उलाढाल कितीही लहान असो, बहुतेक दुकानदारांना पूर्ण नोंदणी करावी लागते, कंपोझिशनची सवलत गमवावी लागते. शेतकऱ्याच्या ताज्या संत्र्यांना ही अडचण नाही, कारण ताजे फळ करमुक्त आहे. भोपाळ शेकडो किलोमीटर दूर असूनही राज्यातले. सावनेर हाकेच्या अंतरावर असूनही बाहेरचे.

ज्या कंपनीची गोदामे राज्याराज्यांत आहेत, तिला ही रेघ जाणवतही नाही. तिने प्रत्येक राज्यात नोंदणी केलेली असते, हिशेबनीस पगारी असतात. अडखळतो तो एका दुकानाचा धनी. ऑनलाइन बाजाराने गावच्या दुकानदाराला देशभराचे गिऱ्हाईक खुले करून दिले असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा मराठी मुलखातल्या या दोन तहसिलींपुरते तरी ते अर्धेच खरे ठरते. येथल्या दुकानाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे गिऱ्हाईक वरुड, काटोल, सावनेर या बाजूचे. आणि नेमके तेच रेघेपलीकडे पडले आहे. अन्याय ऑनलाइन विक्रीने केलेला नाही. तिच्या दारात उभे राहण्याची अट लहानाला जड आणि मोठ्याला हलकी, येथे तो आहे.

व्यापाऱ्यांच्या संघटनांनी जो लढा उभारला, तो बहुतांशी दुसऱ्या प्रश्नावर. अमुक फोन फक्त मोबाइलवरच मिळेल, दुकानात नाही. सणासुदीला खरेदीच्या भावापेक्षाही स्वस्त विक्री, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. दिल्लीच्या व्यापाऱ्यांच्या अर्जावरून स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये दोन्ही बड्या कंपन्यांच्या चौकशीचा आदेश दिला. त्याआधी फेब्रुवारी २०१९ पासून केंद्र सरकारने परकीय भांडवलाच्या बाजार-कंपन्यांना आपल्याच हितसंबंधी कंपनीचा माल विकण्यास मज्जाव केला होता. हे प्रश्न लहान नाहीत. पण किराणा, बी-बियाणे, खत आणि पोळ्याचा साज विकणाऱ्या दुकानदाराची चिंता वेगळी आहे.

ती चिंता अशी की ज्या गोष्टीमुळे व्ही.पी. हरली, ती गोष्ट आता दूरचा विक्रेताही देऊ लागला आहे. ‘आता घ्या, पैसे मागाहून द्या’ हे शब्द मोबाइलच्या पडद्यावर दिसू लागले. हप्त्याने फोन, हप्त्याने दूरदर्शन संच, हप्त्याने शिवणयंत्र. अशा कर्जांत फसवणूक होऊ लागली तेव्हा रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम केले आणि वर्षाचा एकूण व्याजदर आधी सांगणे बंधनकारक केले. तांबड्या वहीत व्याजदर लिहिलेला नसे, हेही येथे मान्य केले पाहिजे. परंतु मोबाइलचा हप्ता महिन्याचा असतो. नोकरदाराला तो सोयीचा, कारण त्याचा पगार महिन्याचा. बोरगावच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या सौंसरच्या तरुणाने हप्त्यावर फोन घेतला तर त्यात वावगे काही नाही. संत्र्याच्या बागेला मात्र महिना ठाऊक नाही, तिला बहार ठाऊक आहे. ज्या घरात दोन्ही प्रकारची मिळकत येते, ते घर फोन मोबाइलवरून मागवते आणि तेल-डाळ खात्यावर आणते. म्हणजे दुकानदाराकडे रोखीचा, नफ्याचा व्यवहार कमी होत जातो आणि उधारीचा तेवढा उरतो. रोखीच्या बळावर जो उधारी पेलत होता, त्याने ती पुढे कशाच्या बळावर पेलावी? हा प्रश्न दुकानदाराचा जितका, तितकाच बागायतदाराचाही आहे.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत याची चुणूक दिसली. आरंभीचे कित्येक आठवडे ऑनलाइन कंपन्यांना जीवनावश्यक वस्तूंखेरीज काही विकण्याची परवानगी नव्हती, गाड्या थांबल्या होत्या, राज्यांच्या सीमांवर पहारे बसले होते. किराण्याची दुकाने तेवढी ठरल्या वेळी उघडत होती.

२०२३ च्या ऑक्टोबरात दोन गोष्टी घडल्या. पहिल्या तारखेपासून नोंदणी नसलेल्या आणि कंपोझिशनमधल्या लहान विक्रेत्यांना ऑनलाइन बाजारातून माल विकण्यास मोकळीक मिळाली, मात्र राज्याच्या हद्दीतच. आणि त्याच महिन्यात पांढुर्णा व सौंसर या दोन तहसिली छिंदवाड्यापासून वेगळ्या होऊन पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. दुकानांच्या पावतीपुस्तकांवर आता ‘जिल्हा छिंदवाडा’च्या जागी ‘जिल्हा पांढुर्णा’ असे छापायचे. पिनकोड तेच राहिले. त्याच्या शेजारचा राज्याचा रकानाही होता तसाच राहिला, आणि पावतीवर कर कसा लागायचा हे त्या रकान्यावरून ठरते.